कृष्णविवराचा झोत थंड वायूचं काय करतो : आल्माच्या खुल्या निरीक्षणांतून मोजमाप

कृष्णविवराच्या भोवतालातून निघालेला झोत, म्हणजे कणांचा अरुंद, वेगवान फवारा, दीर्घिकेतला थंड वायू बाहेर फेकून देतो आणि नव्या ताऱ्यांचा कच्चा माल संपवतो, असं सरसकट सांगितलं जातं. झोत वायू ढकलतो हे खरं आहे, आणि जवळच्या काही दीर्घिकांत ते अगदी स्वच्छ मोजता येतं. पण वायू दीर्घिकेबाहेर जातो का, हे प्रत्येक दीर्घिकेसाठी वेगळं सिद्ध करावं लागतं आणि बहुतेक वेळा सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या, त्याची ही कृती. गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणाऱ्याला, किंवा गणिताला न घाबरणाऱ्या हौशी खगोलप्रेमीला, साध्या लॅपटॉपवर ती करता येते. एमएस्सीच्या प्रकल्पाला पुरेल इतकं काम त्यात आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश मिळतच नाही. ते चार महिने याला द्यावेत.

काय मोजायचं आणि कशावरून

ताऱ्यांना जन्म देणारा वायू म्हणजे १० ते ५० केल्विन तापमानाचा रेण्वीय हायड्रोजन. तो स्वतः जवळजवळ अदृश्य असतो. त्याच्या रेणूला कायमचा विद्युत द्विध्रुव नाही, आणि ज्या पातळीवरून तो प्रारण सोडू शकेल ती तळापासून ५१० केल्विन वर आहे. इतक्या थंड ढगात तिथवर कुणी पोचत नाही. कार्बन मोनॉक्साइडची पहिली पातळी मात्र फक्त ५.५ केल्विनवर आहे. म्हणून मोजायचा कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि त्यावरून काढायचा हायड्रोजन. सीओच्या वर्णपटातल्या तीन रेषा लक्षात ठेवा : १-० (पातळी १ वरून ० वर उतरताना निघणारी) ही ११५.२७१ गिगाहर्ट्झवर, २-१ ही २३०.५३८ वर आणि ३-२ ही ३४५.७९६ वर. या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण नजर चिलीतल्या अटाकामा पठारावरच्या आल्माची, म्हणजे सुमारे ५००० मीटर उंचीवर असलेल्या ६६ अँटेनांची. तिथली बहुतेक निरीक्षणं मूळ प्रस्तावकाला मिळाल्यापासून १२ महिन्यांनी सर्वांना खुली होतात.

पहिल्या कामासाठी दीर्घिका आयसी ५०६३ घ्या. ताम्रसृती (दीर्घिका दूर जात असल्यामुळे प्रकाशाची वारंवारिता किती घटते त्याचं माप) ०.०११३, अंतर सुमारे ५० मेगापार्सेक, म्हणजे १६ कोटी प्रकाशवर्षं. या अंतरावर आकाशातली १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे सुमारे २४० पार्सेक. हिच्या केंद्रातला झोत जेमतेम एक किलोपार्सेक लांबीचा आहे आणि दीर्घिकेच्या फिरत्या तबकडीला छेदून वर न जाता तबकडीच्याच प्रतलात घुसतो, त्यामुळे वायूशी त्याची टक्कर टळूच शकत नाही. १९९८ मध्ये रफाएला मॉर्गांटी आणि सहकाऱ्यांनी इथे सुमारे ७०० किमी/से.ने आपल्या दिशेने येणारा अणुरूप हायड्रोजन पाहिला. २०१४ मध्ये क्लाइव्ह टॅडहंटर यांच्या गटाने तापलेला रेण्वीय हायड्रोजन झोताच्या टोकाशी दाखवला, आणि २०१५ मध्ये आल्माने सीओ २-१ मध्ये तोच प्रकार थंड वायूतही आढळल्याचं दाखवलं. उत्तर आधी माहीत असलेल्या दीर्घिकेवर हात बसवणं शहाणपणाचं. मेसिए ७७, म्हणजेच एनजीसी १०६८, पाहून मोह होतो, कारण ती १४ मेगापार्सेकवरच आहे आणि तिच्या मध्यभागच्या तबकडीतून वर्षाला सुमारे ६३ सूर्यवस्तुमानांचा बहिर्वाह (बाहेर वाहणारा वायू) २०१४ मध्ये मोजला गेला आहे. पण तिथे दांडा (ताऱ्यांचा लांबट पट्टा) आहे, ताऱ्यांच्या निर्मितीचं कडं आहे, झोताबरोबर केंद्रकाचं प्रखर प्रारणही आहे. ती दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

फाइल उतरवणं

आल्माच्या आर्काइव्हमध्ये दीर्घिकेचं नाव टाका. शोध गाळताना तीन अटी लावा : निरीक्षण खुलं झालेलं असावं, विभेदनक्षमता १ विकलेपेक्षा चांगली असावी, आणि वारंवारितेच्या पट्ट्यात तुमची रेषा खरोखर असावी. रेषेची जागा काढायला तिची मूळ वारंवारिता (१ + ताम्रसृती) ने भागायची. आयसी ५०६३ साठी २-१ रेषा २२७.९६ गिगाहर्ट्झवर येते, १-० ही ११३.९८ वर आणि ३-२ ही ३४१.९३ वर. हे न करता फक्त "बँड ६" (या वारंवारितांचा आल्माचा पट्टा) पाहून फाइल उतरवली तर अर्ध्या वेळा रेषाच सापडत नाही, कारण निरीक्षकाने दुसऱ्याच रेणूसाठी पट्टा लावलेला असतो.

कच्चा डेटा घेऊ नका. तो दहा-वीस जीबीपासून शेकडो जीबीपर्यंत जातो. "प्रॉडक्ट" या गटातला फिट्स क्यूब (प्रत्येक वारंवारितेची, म्हणजे वाहिनीची, वेगळी प्रतिमा एकावर एक रचलेली फाइल) घ्या, नावात "पीबीकॉर" असलेला; त्यात दृष्टिक्षेत्राच्या कडेला अँटेनाची नजर मंदावते त्याची दुरुस्ती केलेली असते. सोबत "पीबी" नावाची छोटी फाइल आणि सतत प्रारणाची, म्हणजे कंटिन्यूअमची, प्रतिमाही घ्या. क्यूब काही शे एमबी ते काही जीबीचा असतो. वादळी पावसात वीज जाते आणि राउटर बंद पडतो, म्हणून ब्राउझरमधून ओढत बसण्याऐवजी आर्काइव्ह जी डाउनलोड-स्क्रिप्ट देतं ती वापरा आणि शेवटी फाइलचा आकार आर्काइव्हमधल्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेला क्यूब उघडत नाही, किंवा उघडला तरी पुढच्या वाहिन्या रिकाम्या दिसतात आणि "या बाजूला वायूच नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जुन्या निरीक्षणांचे तयार क्यूब कधी कधी अपुरे असतात. तेव्हा कच्चा डेटा घेऊन कासा या सॉफ्टवेअरच्या त्याच आवृत्तीत पाइपलाइन (डेटावर आपोआप प्रक्रिया करणारी मालिका) पुन्हा चालवावी लागते ज्यात ती मुळात चालली होती. पहिल्या प्रकल्पात त्या वाटेला जाऊ नये.

क्यूब पाहायला कार्टा हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ८ जीबी रॅमवर चालतं, १६ असल्यास बरं. आकडेमोडीला पायथन आणि त्यातलं ॲस्ट्रोपाय.

मोजण्याआधीच्या तपासण्या

इथे घाई करणाऱ्याचे पुढचे सगळे आकडे चुकतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

पहिली तपासणी वेगाच्या व्याख्येची. रेडिओ व्याख्येत वेग मूळ वारंवारितेच्या प्रमाणात काढतात, प्रकाशीय व्याख्येत निरीक्षित वारंवारितेच्या. आयसी ५०६३ चा वेग प्रकाशीय व्याख्येने ३३८८ किमी/से. येतो, रेडिओ व्याख्येने ३३५०. एका ठिकाणाहून मध्यवर्ती वेग घेतला आणि क्यूब दुसऱ्या व्याख्येत असला तर ३८ किमी/से.चा खोटा "बहिर्वाह" आयता तयार. संदर्भचौकटही पाहा : सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राची आणि स्थानिक ताऱ्यांची चौकट यांत दिशेनुसार २० किमी/से.पर्यंत फरक पडतो. दोन्ही गोष्टी फिट्सच्या हेडरमध्ये लिहिलेल्या असतात.

दुसरी, एककाची. क्यूबमधली किंमत "जान्स्की प्रति बीम" असते. जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक, आणि बीम म्हणजे दुर्बिणीला वेगळा दिसणारा सर्वांत लहान ठिपका. एखाद्या भागातल्या पिक्सेलांची नुसती बेरीज म्हणजे फ्लक्स (तिथून येणारं एकूण तेज) नव्हे. ती एका बीममधल्या पिक्सेलसंख्येने भागावी लागते. बीमचं क्षेत्रफळ १.१३३ × लांबी × रुंदी. बीम ०.५ × ०.४ विकला आणि पिक्सेल ०.०८ विकलेचा असेल तर एका बीममध्ये ३५.४ पिक्सेल बसतात. भागायचं राहिलं तर वस्तुमान ३५ पट वाढतं. कार्टाच्या वर्णपट खिडकीत "फ्लक्स डेन्सिटी" हा पर्याय निवडला की हा भागाकार आपोआप होतो. "सम" निवडला तर होत नाही. विद्यार्थ्यांच्या अहवालांत सर्वाधिक दिसणारी चूक हीच.

तिसरी, कंटिन्यूअम वजा करण्याची, सर्वांत फसवी. आल्माची एक वर्णपट खिडकी १.८७५ गिगाहर्ट्झ रुंद असते, म्हणजे २२८ गिगाहर्ट्झवर सुमारे २४६५ किमी/से. रेषेचे लांब, फिकट पंख ६०० किमी/से.पर्यंत पसरलेले असले तर दोन्ही बाजूंना खरोखर रेषाविरहित वाहिन्या थोड्याच उरतात. पाइपलाइन रेषाविरहित वाहिन्या आपोआप निवडते आणि फिकट पंखांना कंटिन्यूअम समजून वजा करून टाकू शकते. मग जे शोधायचं तेच पुसलं जातं. ओळखायची खूण : झोताच्या टोकाशी, कंटिन्यूअम जिथे तेजस्वी आहे तिथेच, वर्णपट रेषेच्या दोन्ही बाजूंना शून्याखाली सपाट बसलेला दिसतो. पाइपलाइनने कुठल्या वाहिन्या निवडल्या त्याची यादी निरीक्षणाच्या कागदपत्रांत मिळते, ती वाचा.

चौथी, हरवलेल्या फ्लक्सची. इंटरफेरोमीटरला (अनेक अँटेना जोडून केलेल्या दुर्बिणीला) फार पसरट रचना दिसत नाहीत. केंद्रातला बहिर्वाह छोटा असल्याने वाचतो, तबकडीचा पसरट वायू काही प्रमाणात गळतो. त्यामुळे "एकूण वायूपैकी इतके टक्के वेगाने चालले आहेत" हे गुणोत्तर हवं त्यापेक्षा मोठं येतं. तेजस्वी भागाभोवती काळसर खळगे दिसले तर गळती झाली आहे असं समजा. शिवाय २३० गिगाहर्ट्झवर अँटेनाचं दृष्टिक्षेत्र सुमारे २५ विकलाच असतं; त्याच्या कडेला पीबीकॉर क्यूबमध्ये गोंगाट फुगलेला असतो, तिथल्या ठिपक्यांना वायू समजू नये.

शेवटी गोंगाट मोजा : रेषा नसलेल्या चार-पाच वाहिन्यांत, मध्याजवळच्या रिकाम्या चौकोनात प्रमाण विचलन काढा. पंख फिकट असतील तर वाहिन्या एकत्र करून २० किमी/से.च्या करा; चार वाहिन्या जोडल्या की गोंगाट निम्मा होतो.

फिरणारा वायू वेगळा काढणं

तबकडी फिरते, त्यामुळे एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. हे नेहमीचं फिरणं आणि झोताने दिलेला धक्का यांतला फरक दाखवणं हे सगळ्या कामाचं मर्म आहे.

सरासरी वेगाच्या नकाशावर, म्हणजे मोमेंट १ वर, विसंबू नका. झोताच्या टोकाशी एकाच दृष्टिरेषेत शांत वायूही असतो आणि धावता वायूही. नकाशा दोघांची सरासरी दाखवतो, म्हणजे कुणाचाच वेग दाखवत नाही. वेगाच्या विस्ताराच्या, म्हणजे वेग किती पसरले आहेत त्याच्या, नकाशातही सापळा आहे. केंद्राजवळ एका बीमच्या रुंदीत फिरण्याचा वेग इतका बदलतो की शांत तबकडीतही विस्तार मोठा दिसतो. त्यामुळे फक्त "मध्यभागी विस्तार १०० किमी/से." एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा स्थान-वेग आकृती (एका रेघेवरची जागा आडवी, वेग उभा) काढा. कार्टात कंटिन्यूअम प्रतिमा क्यूबवर समोच्च रेषांनी ठेवा. आयसी ५०६३ मध्ये २३० गिगाहर्ट्झवरसुद्धा गाभा आणि झोताची दोन टोकं दिसतात, वेगळा रेडिओ नकाशा शोधावा लागत नाही. या तिघांतून जाणारी रेघ मारा, रुंदी एका बीमइतकी ठेवा आणि आकृती तयार करा. शांत वायू तिरप्या, सलग पट्ट्यासारखा दिसतो. इथे फिरण्याचा वेग सव्वादोनशे-अडीचशे किमी/से.च्या घरात आहे. त्या पट्ट्यातून उभा फुटलेला सुळका म्हणजे धक्का खाल्लेला वायू. आयसी ५०६३ मध्ये सर्वांत उंच सुळका पश्चिमेच्या तेजस्वी टोकाशी, गाभ्यापासून सुमारे अर्ध्या किलोपार्सेकवर येतो आणि वेग मध्यवर्ती वेगापासून ६०० किमी/से.च्या पुढे जातो. जे वेग फिरण्याने त्या बाजूला येऊच शकत नाहीत त्या चौकोनातला वायू हा सर्वांत भक्कम पुरावा.

पुढची पायरी थ्रीडी-बरोलो या प्रोग्रामने फिरण्याचं प्रतिमान बसवण्याची. सुरुवातीला केंद्र, मध्यवर्ती वेग, तबकडीचा कल आणि दिशाकोन द्या. कड्यांची रुंदी बीमइतकी ठेवा. एक काळजी घ्या : झोताचा भाग झाकून मगच प्रतिमान बसवा. झाकला नाही तर प्रोग्राम बहिर्वाहालाही फिरणं समजतो, वेगवक्राला मध्येच कुबड येतं, आणि वजाबाकीनंतर काहीच उरत नाही. वजाबाकीत तीन पट गोंगाटापेक्षा वर असलेला, सलग दोन-तीन वाहिन्यांत आणि किमान एका बीमभर पसरलेला वायूच मोजायला घ्या.

उरलेला वायू बाहेर चालला आहे की आत, तेही ठरवावं लागतं. तबकडीच्या प्रतलात बाहेर जाणारा वायू आपल्याजवळच्या बाजूला नीलसृत (आपल्याकडे येणारा) आणि पलीकडच्या बाजूला ताम्रसृत (दूर जाणारा) दिसतो. आत येणारा याच्या उलट. जवळची बाजू ओळखायची धुळीच्या पट्ट्यांवरून, कारण ज्या बाजूची धूळ ताऱ्यांच्या प्रकाशावर ठळक काळी दिसते ती जवळची. दीर्घ अक्षावर मात्र तबकडीतला त्रिज्यीय वेग आपल्याला दिसतच नाही. आणि दीर्घिकेत दांडा असेल तर कुठलाही झोत नसताना वायू ५०-१०० किमी/से.ने आतबाहेर वळतो. म्हणून एवढ्या वेगावर बहिर्वाहाचा दावा करू नये.

आकड्यांची मोड

पुढची उदाहरणं सरावासाठी गोल आकडे घेऊन केली आहेत. तुमच्या क्यूबमधले आकडे त्यांच्या जागी घाला.

समजा पंखांमध्ये सीओ २-१ चा एकूण फ्लक्स १० जान्स्की किमी/से. आला. रेषेची दीप्ती काढायची अशी : ३.२५ कोटीला या फ्लक्सने गुणा, मेगापार्सेकमधल्या अंतराच्या वर्गाने गुणा, गिगाहर्ट्झमधल्या निरीक्षित वारंवारितेच्या वर्गाने भागा, आणि (१ + ताम्रसृती) च्या घनाने भागा. ५० मेगापार्सेक आणि २२७.९६ गिगाहर्ट्झ घातले की उत्तर येतं १.५१ कोटी, एकक केल्विन किमी/से. वर्ग पार्सेक.

या दीप्तीला रूपांतर-गुणकाने गुणलं की सूर्यवस्तुमानांत वायू मिळतो, आणि इथेच निकाल सर्वांत जास्त हलतो. आपल्या आकाशगंगेतल्या शांत ढगांसाठी गुणक ४.३ धरतात, खवळलेल्या तेजस्वी दीर्घिकांसाठी ०.८, आणि वायू सीओला पारदर्शक झाला असेल तर सुमारे ०.३४. म्हणजे त्याच फ्लक्सवरून वायू ६.५ कोटी, १.२ कोटी किंवा ५१ लाख सूर्यवस्तुमानं. (२-१ आणि १-० ची दीप्ती इथे सारखी धरली आहे; शांत तबकडीत २-१ ची सुमारे ०.७ पट असते, तेव्हा आधी ०.७ ने भागा.)

कोणता गुणक घ्यावा, यावर एक चाचणी आहे. त्याच जागी १-० आणि २-१ दोन्हींचा फ्लक्स मोजा, दोन्ही क्यूब आधी एकाच बीमवर आणून. दाट, अपारदर्शक वायूत जान्स्की किमी/से.मधलं २-१ चं १-० शी गुणोत्तर ४ च्या वर जात नाही. ४ च्या पुढे गेलं तर वायू पारदर्शक आणि चांगलाच उत्तेजित आहे, म्हणजे गुणक लहान घ्यायचा. आयसी ५०६३ च्या धावत्या वायूबाबत टॉम ओस्टरलू यांच्या गटाने २०१७ मध्ये नेमकं हेच दाखवलं. त्यामुळे ४.३ घेऊन काढलेले मोठमोठे बहिर्वाह वाचताना सावध राहावं.

आता दर. धावत्या वायूचा वेग ४०० किमी/से. आणि गाभ्यापासूनचं अंतर ५०० पार्सेक धरा. १ किमी/से. म्हणजे दहा लाख वर्षांत सुमारे १.०२ पार्सेक, म्हणून प्रवासाचा काळ १२ लाख वर्षं. गुणक ०.८ असताना १.२ कोटी भागिले १२ लाख, म्हणजे वर्षाला सुमारे १० सूर्यवस्तुमानं. ही झाली पातळ कवचाची कल्पना. वायू शंकूभर सारखा पसरला आहे असं मानलं तर दर तिप्पट, ३० च्या आसपास. गुणक आणि आकार यांच्या सगळ्या जोड्या घेतल्या तर उत्तर वर्षाला ४ पासून १५९ पर्यंत जातं. निरीक्षण एकच, फरक जवळजवळ चाळीस पट. अहवालात एकच आकडा देऊन थांबू नका. गुणक, आकार, वेगाची व्याख्या आणि त्रिज्या चारही गोष्टी आकड्याशेजारीच लिहा.

प्रक्षेपणाची दुरुस्तीही याच जागी. वायूची दिशा दृष्टिरेषेशी ज्या कोनात आहे त्याच्या टॅनने दराला गुणायचं. ४५ अंशाला काहीच बदलत नाही, ३० ला दर ०.५८ पट होतो, ६० ला १.७३ पट.

हे झोताचंच काम का?

आधी ऊर्जेचा हिशेब. वर्षाला १० सूर्यवस्तुमानं ४०० किमी/से.ने हलवायला सुमारे १३ कोटी सूर्यांच्या तेजाइतकी शक्ती लागते. झोताची शक्ती रेडिओ तेजावरून काढतात : १.४ गिगाहर्ट्झवरच्या रेडिओ दीप्तीला २६ लाख सूर्यांच्या तेजाने भागा, उत्तराचा ०.७ वा घात घ्या, आणि १५०० कोटी सूर्यांनी गुणा. ५० मेगापार्सेकवर १ जान्स्कीचा स्रोत असेल तर रेडिओ दीप्ती सुमारे ११ लाख सूर्यांइतकी, झोताची शक्ती सुमारे ८०० कोटी सूर्यांइतकी. म्हणजे झोताच्या शक्तीतला १.६ टक्के भाग पुरतो, हिशेब बसतो. मात्र हे सूत्र क्ष-किरणांत दिसणाऱ्या पोकळ्यांवरून, मुख्यतः मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत बसवलेलं आहे आणि पाच-सहा पटींचा फरक त्यात सहज पडतो. तबकडीत अडकलेल्या छोट्या झोताला ते लावताना तसं स्पष्ट लिहा.

हिशेब बसला म्हणजे झोत दोषी ठरला असं नाही, केंद्रकाच्या प्रारणाची शक्तीही पुरेशी असू शकते. म्हणून जागा पाहायची. सर्वांत वेगवान वायू गाभ्याशी न सापडता झोताच्या टोकाशी सापडतो का? २-१ आणि १-० चं गुणोत्तर झोताच्या वाटेवरच वाढतं का? आयसी ५०६३ मध्ये दोन्हींचं उत्तर हो आहे, म्हणून ती इतकी मोलाची. झोताच्या वाटेला काटकोनातही नजर टाका. २०२१ मध्ये जाकोमो वेंतुरी यांच्या गटाने आयसी ५०६३, एनजीसी १०६८, एनजीसी १३८६ आणि एनजीसी ५६४३ या चारही दीर्घिकांत झोताला काटकोनात आयनित वायूचा वेगविस्तार वाढलेला दाखवला.

यामागची यंत्रणा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातले दीपांजन मुखर्जी यांच्या संगणकी प्रतिमानांनी चांगली उलगडली आहे. तबकडीतला वायू एकसंध नसतो, ढगांचा असतो. मांडवीच्या पुराचं पाणी खारफुटीच्या मुळांतून वाट काढतं तसा झोत ढगांमधल्या फटींतून फाटत जातो, आणि त्याचा तापलेला, उच्च दाबाचा फुगा चारी बाजूंनी ढगांवर दाब देतो. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. फार शक्तिमान झोत लवकर तबकडी फोडून निघून जातो. कमी शक्तीचा झोत आत अडकून राहतो आणि जास्त काळ, जास्त वायू घुसळतो. आयसी ५०६३ साठी त्यांनी केलेलं खास प्रतिमान २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तुमची स्थान-वेग आकृती त्यातल्या आकृत्यांशेजारी ठेवून पाहा.

वायू जातो कुठे

मुक्तिवेग काढल्याशिवाय "बाहेर" हा शब्द लिहू नये. ढोबळ सूत्र असं : दीर्घिकेचं वस्तुमान ५० किलोपार्सेकपर्यंत पसरलेलं आणि फिरण्याचा वेग सगळीकडे सारखा मानला, तर केंद्रापासून अर्ध्या किलोपार्सेकवर मुक्तिवेग फिरण्याच्या वेगाच्या सुमारे ३.३ पट येतो. २४० किमी/से.साठी तो ८०० च्या जवळ. मग वर्णपटात ८०० च्या पुढे किती फ्लक्स आहे ते मोजा. प्रक्षेपणामुळे खरा वेग दिसतो त्याहून जास्त असतो, म्हणून ४५ अंश धरून ५६५ किमी/से.च्या पुढचा फ्लक्सही मोजा. दोन्ही वेळा धावत्या वायूचा छोटाच हिस्सा पात्र ठरतो, आणि धावता वायू मुळात एकूण वायूचा छोटा हिस्सा असतो. शिवाय तबकडीच्या प्रतलात ढकललेल्या वायूसमोर बाहेरची सगळी तबकडी आडवी आहे. उरलेला वायू वर उडून कोट्यवधी वर्षांत परत खाली येतो.

याचा अर्थ झोत निरुपद्रवी असा मुळीच नाही. घुसळलेल्या, तापलेल्या वायूत ढग कोसळून तारे व्हायला अडथळा येतो, आणि केंद्रातला अर्धा-एक किलोपार्सेक बराच काळ अशांत राहतो. उलटही घडतं. नरतुरंग तारकासमूहातल्या सेंटॉरस ए या दीर्घिकेत, ३.८ मेगापार्सेकवर, झोताच्या वाटेवर केंद्रापासून सुमारे १५ किलोपार्सेकवरच्या कवचांत सीओ सापडला आहे, आणि उत्तरेकडच्या तंतूंत झोतामुळे तरुण तारे जन्मल्याच्या खुणा आहेत. एकाच कारणाचे दोन परिणाम. वायूची घनता आणि झोताशी गाठ पडण्याचा कोन यांवर कोणता दिसेल ते ठरतं.

सेंटॉरस ए ही दीर्घिका गोव्यातून दुर्बिणीने पाहता येते, हे आपलं भाग्य. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ४३ अंश, म्हणजे आपल्या दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त ३१ अंश उंच. मार्चमध्ये मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला, एप्रिलच्या मध्यावर साडेबाराच्या सुमारास ती सर्वांत वर असते. किनाऱ्यावरचे दिवे टाळून काणकोण, सांगे किंवा सत्तरीत दक्षिण मोकळी असलेली जागा घ्या. आठ इंची दुर्बिणीतून मधोमध काळा पट्टा दिसतो. आल्माला सीओ दिसतो तो याच धुळीच्या पट्ट्यात. मेसिए ७७ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जवळजवळ ७४ अंश वर येते, सहा इंची दुर्बीण पुरे. आयसी ५०६३ ची क्रांती उणे ५७ आहे, इथून ती साधारण १७ अंशांच्या वर कधी जातच नाही. ती डोळ्यांनी पाहण्याचा विचार सोडा.

अणुरूप वायूसाठी जीएमआरटी

सीओत फक्त रेणू दिसतात. अणुरूप हायड्रोजनची २१ सेंमीची रेषा, १४२०.४०६ मेगाहर्ट्झ, हा चित्राचा दुसरा अर्धा भाग. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं आर्काइव्हही खुलं आहे. आयसी ५०६३ मात्र तिथून दिसत नाही, कारण जीएमआरटीची दक्षिण मर्यादा उणे ५३ अंश आहे. त्याऐवजी ३सी २९३ ही दीर्घिका घ्या : ताम्रसृती ०.०४५, रेषा १३५९ मेगाहर्ट्झवर, आणि १००० किमी/से.च्या पुढे पसरलेलं ज्ञात शोषण.

शोषण म्हणजे मागच्या झोताचं रेडिओ प्रारण समोरच्या वायूने गिळणं. त्याचा फायदा असा की वायू झोताच्या समोर, म्हणजे आपल्या बाजूला आहे हे नक्की असतं. तो नीलसृत असेल तर बाहेरच चालला आहे, आत की बाहेर हा वाद उरत नाही. तोटा असा की वस्तुमान गृहीत धरलेल्या स्पिन-तापमानाच्या (अणूंच्या उत्तेजनाच्या मापाच्या) सरळ प्रमाणात वाढतं. १०० केल्विन धरण्याची प्रथा आहे. झोताजवळ १००० असू शकतं, आणि मग वस्तुमान दहापट.

या शोषणाची खोली कंटिन्यूअमच्या टक्क्याच्याही छोट्या अंशाइतकी असते, त्यामुळे बँडपास कॅलिब्रेशनवर (ज्ञात स्रोत, म्हणजे कॅलिब्रेटर, पाहून उपकरणाचा प्रत्येक वारंवारितेवरचा प्रतिसाद तपासण्यावर) सगळं अवलंबून आहे. कॅलिब्रेटर स्रोताइतकाच किंवा जास्त तेजस्वी हवा आणि त्याच्यावर पुरेसा वेळ दिलेला हवा, नाहीतर त्याचा गोंगाट स्रोताच्या वर्णपटात उतरतो. रुंद, उथळ खळगा दिसला की डेटा वेळेनुसार दोन भागांत तोडा आणि दोन्ही ध्रुवीकरणं वेगवेगळी काढा. खळगा चारही वर्णपटांत त्याच वेगावर आणि त्याच खोलीचा आला तर वायू मोजायला घ्या. एकात आला आणि दुसऱ्यात सरकला तर तो उपकरणाचा तरंग आहे, बँडपासपासून पुन्हा सुरू करा.